आग्नेसचं फूल

फुलाला तिचं नाव पडलं तेव्हा आग्नेसला कोण आनंद झाला होता! पुढे काय वाढून ठेवलंय हे कळलं असतं तर बाईने तो घासलेटचा डबा गाडीतूनच खाली भिरकावला असता.

झालं असं. एकोणपन्नास सालच्या मे महिन्यात ती मुंबईला नणंदेकडे गेली होती. नणंद माझगावच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला. तिथल्या हौदात ही रोपं तरंगत होती. देठ फुगलेले, वर जांभळ्या फुलांचा तुरा, आणि वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. मे म्हणजे मरियामाउलीचा महिना, घरोघरी अल्तार म्हणजे माउलीची वेदी सजते, संध्याकाळी जपमाळ होते. आग्नेसने दोन रोपं मागून घेतली, घासलेटच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून गाडीने घरी आणली आणि वाडग्यात घालून माउलीपुढे ठेवली. त्या वर्षी तिच्या घरी अख्खी आळी लोटली. बायका फुलाचं नाव विचारायच्या. तिला कुठे ठाऊक? मग बायकांनीच ठरवलं, आग्नेसचं फूल. आठ दिवस बाईचे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्या आळीची रीत अशी, की अल्तारावर वाहिलेलं फूल उकिरड्यावर टाकायचं नाही, कुणाच्या पायदळी येऊ द्यायचं नाही. ते बावखलात सोडायचं. बावखल म्हणजे वाडीच्या मध्ये खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. हे चार घरांचं मिळून एक होतं. काठावर रहाट, रहाटाला गाडगी, आणि त्याच पाण्यावर चौघांच्या पानवेली नि केळी. महिना संपला तशी ती दोन रोपंही रीतीप्रमाणे बावखलात गेली.

आजवर सोडलेली सगळी फुलं चार दिवसांत कुजून गेली होती. हे कुजेना. एकाला फुटवा आला, फुटव्याला फुटवा आला, आणि तिसऱ्या वर्षी बावखलात पाणी आहे हे सांगावं लागू लागलं. रहाटाच्या गाडग्यांतून पाण्याऐवजी मुळांचे झुबके वर यायचे. पाण्याला वास सुटला, मासे मेले. फुलाचं नाव मात्र तेच राहिलं, फक्त आता लोक ते दात-ओठ खाऊन घ्यायचे. सॅन्टनकाका, चार भागीदारांतला वडीलधारा, रहाट अडला की रेड्याला शिवी द्यायच्या ऐवजी आग्नेसच्या फुलाला द्यायचा. तिने सगळं ऐकून घेतलं. कुणाला उलट शब्द बोलली नाही.

त्रेपन्नच्या फेब्रुवारीत चौघे भागीदार सॅन्टनकाकाच्या ओट्यावर बसले. दोनदा रोपं काढून झाली होती, दोनदा परत आली होती. काका म्हणाला, "बुजवू या. विहीर खनू." पलीकडच्या आळीतल्या नव्या विहिरीचं पाणी मचूळ निघालं होतं, तिथल्या पानवेली वर्षात जळाल्या होत्या. आग्नेसच्या घरची चूल तर पानवेलीची पानं विकूनच पेटायची. असल्या बैठकीत बायका बोलत नसत. ती दाराआडून पुढे आली.

"ईस्टरपर्यंत थांबा, काका. एक जरी रोप ऱ्हायलं तर खुशाल बुजवा."

"चार बापे थकले, तू काय करनार?"

"तुम्ही काढून काठावरच टाकलंत. पावसानं परत आत नेलं. मी काठावर नाय ठेवनार."

तिच्या नवऱ्याने, आलोशियसने, मान खाली घातली. पण मुदत मिळाली.

उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन ती देवळातून आली आणि पदर खोचून थेट बावखलात उतरली. ईस्टरपर्यंतच्या त्या चाळीस दिवसांत लोक मटण-मासळी सोडतात. आग्नेसने कोरडं अंग सोडलं म्हणा! कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बांबूच्या आकडीने एकेक गठ्ठा ओढायचा, टोपलीत भरायचा, डोक्यावरून लांब खळ्यावर न्यायचा. तिथे उन्हात उलटापालट करून चुरा होईस्तोवर वाळवायचा आणि मग केळींच्या बुंध्याशी घालायचा. तुटलेलं पान, मुळाचा तुकडा, काही सोडायचं नाही. जुन्या लुगड्याची झोळी करून ती पाणी गाळायची. पोरं काठावर जमून हसायची. दुसऱ्या आठवड्यात तिच्या पायांना फोड आले. त्या रात्री आलोशियसने स्वतः खोबरेल लावलं, आणि सकाळी लंगोटी लावून तिच्याआधी पाण्यात उतरला.

पवित्र गुरुवारी पलीकडच्या कोपऱ्यात एक पट्टा उरला. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, त्या दिवशी कामाला हात लावायचा नसतो. दिवसभर ती त्या पट्ट्याकडे बघत बसली. शनिवारी दुपारपर्यंत तोही गेला. सॅन्टनकाका काठी घेऊन आला, चारी बाजूंनी फिरला, वेताच्या झुडपाखालीसुद्धा ढोसून पाहिलं. मग म्हणाला, "सोमवारी रहाट जुंपतो." म्हाताऱ्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूप झालं.

आग्नेस घरी आली, आणि दारातच थबकली. अल्तारावर काचेच्या पेल्यात जांभळा तुरा होता. खाली पेल्यात मुळं लोंबत होती.

सासू शेजारीच बसली होती, मेरीआय. "शेवटचं व्हतं गं," ती म्हणाली. "टोपलीतनं काढून घेतलं. माउलीला उद्या ईस्टरचं."

उद्या ईस्टर, आणि परवा रीतीप्रमाणे बावखल. आग्नेसच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांपूर्वीची ती दोन रोपंही मेरीआयनेच बावखलात सोडली होती. ही गोष्ट आग्नेसने नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. आणली तर मी, मग म्हातारीला बोल कशाला?

"आय," ती म्हणाली, "ह्या बारीला हे पान्यात नाय जायाचं. माउलीचं असलं तरी नाय."

मेरीआयने सुनेच्या पायांकडे पाहिलं. फोड फुटून तिथे चट्टे पडले होते. मग भिंतीला धरून उठली, पेला उचलला, क्रूसाची खूण केली आणि रोप मुळासकट चुलीत घातलं. ओलं होतं, जळायला वेळ लागला. संपेपर्यंत म्हातारी चुलीपुढून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या आवारात सॅन्टनकाका चारचौघांना सांगत होता, की आग्नेसच्या फुलाचा एकदाचा निकाल लागला. मेरीआय काठी टेकत मध्ये गेली.

"आग्नेसचं नाय ते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बावखलात मी सोडलं. एवढी वर्सं पोरीनं माझ्यासाठी ऐकून घेतलं."

आलोशियस बायकोकडे बघतच राहिला. आग्नेसने सासूचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, आय. चाळीस दिस काढलंय मी ते. आता नाव माझंच ऱ्हाऊ द्या."

आणि तेच राहिलं. पुढे दुसऱ्या कुठल्या आळीत तो जांभळा तुरा दिसला की लोक निरोप धाडायचे, बाई, तुझं फूल आलंय. आग्नेस आकडी खांद्यावर टाकायची आणि निघायची.