नायकाची उंची

नाचाच्या वर्गात सगळ्याजणी त्यांना काकू म्हणत, आणि काकू मात्र आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या शिक्षिकेला ताई म्हणत. दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहायचं आणि संध्याकाळी घुंगरू बांधून पुन्हा पाय आपटायचे! पण हौसेला मोल नाही. शिवाय पाय त्यांचे पक्के होते. घोडं अडलं होतं ते डोळ्यांपाशी.

रविवारच्या कार्यक्रमात त्यांना एकटीला एका पदावर अभिनय करायचा होता. नायिका वाट बघते आणि नायक येतो. नायक म्हणजे रिकामी जागाच. तो कुठे आहे, केवढा आहे, हे नाचणारीच्या नजरेवरून लोकांना कळायचं. काकूंची नजर दर वेळी कमरेच्या उंचीवर जाई.

"अहो काकू, नायक चालत येतोय, रांगत नाही!" ताई वैतागल्या. पोरी खो खो हसल्या. काकूंनी नजर वर केली, तर चेहरा असा झाला की जणू वरच्या फळीवरचं खोकल्याचं औषध शोधताहेत.

"शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर पद दुसरीला देईन हं."

 वर्गातल्या बारा वर्षांत काकूंना पहिल्यांदा काहीतरी एकटीचं मिळालं होतं.

शुक्रवारी दुपारी त्या नेहमीसारख्या दुकानाशेजारच्या गाळ्यात नवऱ्याला चहा द्यायला गेल्या. तो घड्याळं दुरुस्त करी. डोळ्याला भिंग लावून वाकला होता. अशा वेळी हाक मारली तर हात हलतो, म्हणून काकू कप धरून नुसत्या उभ्या राहिल्या, त्याच्या विरळ केसांकडे बघत. त्याने मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. मागे वळल्या तर ताई! बंद पडलेलं घड्याळ हातात धरून कधीच्या उभ्या होत्या.

संध्याकाळी ताई एवढंच म्हणाल्या, "काकू, आपला नायक बसलेला आहे. कामात आहे. करा सुरू."

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

रविवारी नवरा पहिल्या रांगेत होता. नाचातलं त्याला ओ की ठो कळत नसे. घरी जाताना तो म्हणाला, "तू रोज चहा घेऊन एवढा वेळ उभी असतेस? आल्याबरोबर सांगत जा की."

"नाही सांगणार," काकू म्हणाल्या. "तेवढाच वेळ तुमच्याकडे पोटभर बघता येतं."