घोड्याचं आधी ठरवा

दहावीला इंग्रजी शिकवणारे आमचे सर मूळचे मोहोळकडचे. एका अमेरिकन कवितेतला शेतकरी म्हातारा घोडा बाजारात विकायला काढतो, तिथं आलं की सर पुस्तक मिटायचे. "बेंदराला ज्याला पुरणपोळी चारली, त्यालाच विकायचं व्हय?"

"सर, अमेरिकेत बैलांचा बेंदूर नसतो," मी वैतागून म्हणायचे. "परीक्षा आली, सारांश तरी लिहून द्या की."

"आदी घोड्याचं ठरवा."

त्या वादातच तास संपायचा. रोज! पुढची कडवी राहिली ती राहिलीच.

परीक्षेत नेमकं तेच आलं: शेतकऱ्यानं घोडा का विकला? गाईडमधलं उत्तर मला तोंडपाठ होतं. सरांच्या नावानं बोटं मोडत लिहायला घेतलं आणि लिहून बसले, "विकायला नको होता."