घोट्यामागची नाडी

"पायाला काही कळत नाही, साखर आहे, हे माहीत होतं ना बाबा? मग नवरात्रात रस्त्यावर अनवाणी फिरायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

इस्पितळातून आल्यापासून राजेशचं हेच चाललं होतं. दशरथ पलंगावर पाय लांब करून खिडकीबाहेर बघत होता. डाव्या पायाची बोटं काळी पडली होती.

"सांगूक कशाक होया? नवस होतो."

"कोणाचा?"

ओट्यापाशी कणीक मळणाऱ्या त्याच्या बायकोचे, विमलाचे हात थांबले.

दशरथने मरोळच्या कारखान्यात लेथवर उभं राहून आयुष्य काढलं. पायांचा त्याला भारी अभिमान. शिफ्ट सुटल्यावर रिक्षासाठी ताटकळणाऱ्या पोरांना "काय रे म्हाताऱ्यांनो" म्हणत तो चालत पुढे निघायचा. अलीकडे मात्र थोडं चाललं की पोटरी धरायची. मग दुकानांच्या पाट्या वाचतोय असं दाखवत तो उभा राहायचा. वय झालं, एवढंच घरात समजलं.

नवरात्रात पायात काच गेली तीही त्याला कळली नाही. सुनेने, अक्षताने, लादीवर रक्ताचे ठसे पाहिले तेव्हा कळली. मग गल्लीतल्या डॉक्टरकडे ड्रेसिंग, पुढे त्वचेचे डॉक्टर, मग हाडांचे. प्रत्येकाने जखम पाहिली, साखर पाहिली, मलम बदललं. मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी घोट्यामागे बोटं टेकवली आणि बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या. नाडी लागत नाही, म्हणाल्या. पायालाही नाडी असते हे विमलाला तेव्हा कळलं. इतके दिवस तीच तो पाय धूत होती, पुसत होती. बाहेर बाकावर बसल्यावर तिने हळूच आपल्या घोट्यामागे बोट ठेवलं. तिथे ठकठक लागत होतं.

डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. पायाची रक्तवाहिनी बंद झाली आहे. दुसऱ्या पायातली शीर काढून रक्ताला नवी वाट करून देता येते. पण ते करणारे सर एकच, तेही तीन इस्पितळं सांभाळणारे. त्यांच्या हाताखाली शिकायला यंदा कोणी आलंच नाही, या कामाकडे मुलं वळत नाहीत. नंबर लागायला आठवडा तरी जाईल. तोवर काळं वर चढलं तर पाय मांडीतून जाईल. उद्या कापला तर बहुधा गुडघा वाचेल. हेच दोन महिने आधी आला असतात तर, असं काहीतरी त्या म्हणायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

राजेशला थांबायचं होतं. दुसरे डॉक्टर शोधू, पुण्याला नेऊ. अक्षता दुपारपासून फोन लावत होती. सगळीकडे नंबरच सांगत होते.

"बोला ना बाबा, नवस कोणाचा होता?"

"माझा," विमला म्हणाली. "तुझी नोकरी गेली तेव्हाचा. नोकरी लागली तर नवरात्रात चप्पल घालणार नाही, असं बोलले होते. माझे गुडघे सुजले म्हणून यांनी फेडला."

राजेश खुर्चीवर बसला. अक्षताने फोन उलटा करून ठेवला. मग राजेश एकदम उठला आणि आईवरच ओरडला.

"मग तर कापायचाच नाही. मी सरांच्या दारात जाऊन बसतो."

"आणि तवसर ह्यां काळा वर चढला तर?" दशरथने काळ्या बोटांकडे हात केला. पहिल्यांदाच तो पायाकडे नीट बघत होता. "आवशीर ओरडान पाय येतलो काय?"

विमला तोंड फिरवून पुन्हा कणीक मळायला लागली. ती केव्हाच मळून झाली होती.

दशरथने चादर पायावर ओढली.

"उद्या सकाळी जायचं," तो घरातल्या सगळ्यांना म्हणाला. "पाय कापायला मी सही करणार आहे."