जिव्याची अर्धी चाल

आंधळा मोतीराम डहाणूच्या शाळेत संगीत शिकवायचा. संगणकावर सूर लिहिला की यंत्र तो बोलून दाखवी. तलासरीहून त्याचा बाप जिव्या येई आणि तारप्याच्या चाली गुणगुणे. ते वाद्य फुंकायला त्याच्यात दम उरला नव्हता. एक तुकडा लिहून झाल्याशिवाय म्हातारा पुढचा देत नसे.

शेवटची चाल अर्धी असताना यंत्र नुसतं "बटण, बटण" म्हणू लागलं.

"नवीन सॉफ्टवेअर टाकलंय, काका," शाळेचे संगणक सांभाळणारे स्वप्निल सर मोतीरामला म्हणाले. "आता किती सुंदर दिसतं."

"जुनं परत टाका ना," मोतीराम म्हणाला. "यात मला सूर ऐकू येत नाहीत."

"सगळ्यांना हेच आवडलंय."

जिव्या उठला. "तुझं यंत्र बोललं की बोलाव, मोत्या."

यंत्र बोललं ते वर्षभराने. अर्धी चाल त्याने बिनचूक वाचली. उरलेली जिव्याबरोबर गेली होती.