समोरून आणि मागून

कार्यालयात तिला सगळे वायरवाली म्हणत. पाणी खात्याच्या चार मजली इमारतीतलं कॉम्प्युटरचं जाळं तिच्या डोक्यात होतं. कागदावर कुठेच नव्हतं. कुठली वायर कुठल्या भिंतीत शिरते, कुठल्या मशीनला कुठला पत्ता दिलाय, हे विचारायला लोक तिलाच फोन करत. आई गेली त्या दिवशीही फोन वाजला होता, आणि तिने उचलला होता.

मग लकव्याने वडिलांची डावी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली, हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचा एक कागद दिला आणि बजावलं, "रोज सकाळी तासभर, मध्ये न उठता. आत्ता हात हलला तर हलला, पुढे आखडेल."

पण सकाळ फोनची होती. एका हातात वडिलांचं कोपर, दुसऱ्या हातात फोन. कोपर प्रत्येक वेळी आधी सुटायचं.

म्हणून ती जाळ्याचे आराखडे काढायला बसली, लोकांनी फोनऐवजी कागद बघावा म्हणून. दोन मोठे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले.

"दोन कशाला?" वडिलांनी विचारलं.

"एका टेबलावरची दोन मशीनं एकमेकांशी बोलत नाहीत, बाबा. आणि तळमजल्यावरचं चौथ्या मजल्यावरच्याशी दिवसभर बोलतं. हा कागद कोण कुठे बसलंय आणि त्याची वायर कपाटात कुठे आहे त्याचा. तो, कोण कुणाशी बोलतं त्याचा."

"मग आपल्या घराचेही दोन काढ. पहिल्यात आपण एका खोलीत. दुसऱ्यात तू ऑफिसात."

ती हसली नाही. हसायलाही अंगात काही लागतं.

कागद पुरे झाले तसे तिने कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या हवाली केले. त्याला सगळे जावईबापू म्हणत, कारण सगळं हातात आयतं लागायचं. दुसऱ्याच सकाळी त्याचा फोन.

"ताई, बिल भरायच्या खिडकीवरचं मशीन बंद होतं. तुमच्या कागदाप्रमाणे दुसरी ओळ, डावीकडून तिसरी वायर काढली. खिडकी बंदच, वर साहेबांचं मशीन गेलं!"

"तिसरीच काढलीत?"

"तीनपर्यंत येतं हो मला."

वडिलांना तसंच सोडून ती गेली. जुन्या खुर्च्यांमधून वाट काढत वायरींच्या कपाटासमोर उभी राहिली. डावीकडून तिसरी. कागद बरोबर होता. चूक सापडेना, त्यामुळे ती आणखीच दमली.

दुसऱ्या दिवशी वडिलांसमोर बसून तिने डावा हात वर केला. चित्रातल्या माणसाचाही तसाच होता. वडिलांनी झटकन उजवा उचलला.

"बाबा, डावा."

"तूच तर या बाजूचा दाखवतेस. चित्रातलाही याच बाजूचा."

तिने आधी आपला हात पाहिला, नंतर त्यांचा. मग स्वतःहून फोन लावला.

"जावईबापू, काल वायर काढताना कुठे उभे होता?"

"कपाटामागे. पुढे जुन्या खुर्च्या रचल्यात. त्या कोण उचलणार?"

"जावयाने तर नाहीच," ती म्हणाली. तिची डावी त्याची उजवी झाली होती, आणि तिच्या आराखड्यात कुणी मागे उभं राहीलसं तिने धरलंच नव्हतं.

तिने तिसरा कागद काढला, मागून पाहिलेला. तिन्ही कागदांच्या माथ्यावर ठळक लिहिलं, कुठे उभं राहून वाचायचं ते.

त्यानंतरच्या सकाळी ती स्टूल फिरवून वडिलांकडे पाठ करून बसली. फोन त्यांच्या उजव्या हातात दिला, वाजलाच तर हवा म्हणून. आपला डावा हात वर केला.

"उचला, बाबा. माझ्यासारखा."

मागे नुसता श्वास.

"उचललात?"

"बघू नकोस. बघितलं की तो लाजतो."

तिचा हात भरून आला. खिडकीबाहेर कुणीतरी दुकानाचं शटर वर केलं. बऱ्याच वेळाने तिच्या पाठीला काहीतरी टेकलं, घसरलं, पुन्हा टेकलं.

"बाबा, फोन कुठेय?"

"हा काय, उजव्यात धरलाय. वाजला नाही."

तिने हात खाली घेतला नाही.