जामीनदाराच्या रकान्यात आईचं नाव

ती केस मोठी नव्हती. ना खून, ना दरोडा, ना पेपरात फोटो. तरी नोकरीतल्या चौतीस वर्षांतली कोणती केस आजही आठवते असं कोणी विचारलं, की मला आधी तीच आठवते.

मी तेव्हा शिंदखेड्याकडच्या एका ठाण्यात प्रभारी अधिकारी होतो. सोमवारी तिथे आठवडे बाजार भरायचा आणि दर सोमवारी एक बाई ठाण्यात यायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, विधवा, बचत गटात ज्वारीचे बिबडे आणि पापड करून विकायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. पोलीस भरतीत तीनदा नापास झाला. पाहुण्यांदेखत अक्का त्याला बोलल्या, "तुनापेक्षा ढोर बरं, ते काम तरी करस." त्याच दिवशी पोरगा गेला. मिसिंग रजिस्टरला नोंद होती, पण सज्ञान तरुण रागावून गेला की आमच्याकडे त्याच्या तपासाला फारसा जोर नसतो. अक्का यायच्या, विचारायच्या, ठाणे अंमलदार मान हलवायचा, त्या जायच्या. माझा स्वभाव तापट. एकदा मी खेकसलोही, "अक्का, खबर आली तर आम्हीच येऊ की सांगायला!" पुढच्या सोमवारी पुन्हा आल्या.

एका सोमवारी मात्र त्या तक्रारी अर्ज घेऊन आल्या. मिरची कांडपाच्या यंत्रासाठी त्यांनी बँकेत कर्ज मागितलं होतं. बँकेतल्या साहेबाने संगणकात पाहिलं आणि सांगितलं, तुमच्या नावावर मोटारसायकलचं कर्ज दिसतंय, त्याचे हप्ते थकले होते, आत्ता कर्ज मिळणार नाही.

"साहेब, मी एक रुपया काढेल नही," अक्का म्हणाल्या. "मना नाववर कोन गाडी लिधी?"

मला वाटलं, सापडली टोळी. त्या दिवसांत लोकांच्या कागदांवर परस्पर कर्ज उचलल्याच्या गोष्टी कानावर येत होत्या. बाजारपेठेत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवणारा एकजण होता. निम्म्या गावाचे कागद त्याच्या हातून जायचे. त्याला उचलून आणला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवला. दरडावलं, गोड बोललो, पुन्हा दरडावलं. तो एकच सांगत राहिला, "साहेब, मी फक्त झेरॉक्स काढतो." साप साप म्हणून मी भुई धोपटत होतो. त्या माणसाची मी तेव्हा माफी मागितली नाही, आज मागावीशी वाटते.

वाट दाखवली ती आमच्या ठाण्यातल्या एका महिला शिपायाने. ती म्हणाली, "सर, आधी अक्कांचा क्रेडिट रिपोर्ट तरी बघू. कोणत्या कंपनीचं कर्ज, कधीचं, सगळं त्यात असतं. वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आपला हक्कच आहे."

मी वरिष्ठ अधिकारी, आणि मला हे माहीत नव्हतं! आपल्या देशात कर्जदारांची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने मागणाऱ्याला दर वर्षी एक पूर्ण रिपोर्ट विनामूल्य द्यायचा, असा नियम आहे. मी तोवर कधी स्वतःचाही मागवला नव्हता. अक्कांच्या साध्या फोनवर ओटीपी आला, शिपाई मुलीने तो टाकला, आणि दहा मिनिटांत कागद प्रिंटरमधून बाहेर आले.

कर्ज होतं दुचाकीचंच. पण अक्का कर्जदार नव्हत्या, जामीनदार होत्या. खाली महिन्यांचे चौकोन. सुरुवातीचे पाच हप्ते वेळेवर, मग तीन महिने थकलेले, मग पुन्हा सगळे वेळेवर. मी म्हटलं, फसवणाऱ्या माणसाने एवढे नियमित हप्ते भरावेत हे काही जुळत नाही.

अक्कांनी विचारलं, "जामीनदारले काय कागद लागस?"

"आधारची झेरॉक्स, सहीसकट," मी म्हटलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. घरातला शिकलेला पोरगा सगळ्यांच्या कागदांची पिशवी सांभाळतो. आई कामावर असते, तिला दर वेळी सहीला कुठे बोलवायचं, म्हणून तो पाच-दहा झेरॉक्सवर तिच्या सह्या आधीच घेऊन ठेवतो. ही चूक मी घराघरात पाहिली आहे, माझ्याही घरात.

"सही करेल कागद फक्त मना पोऱ्याकडे व्हतात," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी त्या तीन थकलेल्या चौकोनांवर बोट ठेवलं. "हाऊ तोच शे. आठे तो आजारी व्हता, साहेब. नहीतं त्यानी पैसा भरा असता."

मला त्या चौकोनांत थकबाकी दिसली होती. त्या माउलीला तिथे पोराचं दुखणं दिसलं.

फायनान्स कंपनीला पत्र गेलं. उत्तर आलं, कर्जदार अक्कांचाच मुलगा, कर्ज दिलं भुसावळच्या शाखेने. आता तो तिथे राहत नाही, म्हणून गावाचं नाव लिहितो. मी हवालदाराला घेऊन गेलो. रेल्वे कॉलनीमागच्या एका खोलीत राहत होता, मोटारसायकलवरून घरोघर पार्सल पोचवायचा. डाव्या पायात सळई होती. अपघात होऊन तीन महिने अंथरुणात पडला होता.

त्याला तिथल्या ठाण्यात नेऊन बसवला. मी आवाज चढवला, "आईला न विचारता जामीनदार केलंस? गुन्हा आहे हा, कळतं का?"

त्याने खाली मान घातली. "दुसरं कोन शे माले, साहेब?"

माझा चढलेला आवाज तिथेच उतरला. मी म्हटलं, "मग घरी चल." तो म्हणाला, नाही. काहीतरी पक्कं झाल्याशिवाय त्या दारात उभा राहणार नाही. आणि पत्ता तिला देऊ नका. सज्ञान माणसाने असं सांगितलं की आम्ही त्याचा जबाब घेतो, घरच्यांना तो सुखरूप आहे एवढंच कळवतो आणि मिसिंग बंद करतो. मी तेच केलं.

अक्का ऐकून घेत राहिल्या. "येळवर जेवस का तो?" मी हो म्हटलं. "गाव तरी सांगा." मी नाही सांगितलं. गुन्हा नोंदवायचा का, असं विचारलं तेव्हा मात्र त्या ताडकन उठल्या. "सही मीच करेल शे. तो अरज फाडी टाका." अर्ज फाडता येत नाही, निकाली काढावा लागतो. तो काढला. यंत्राचं कर्ज मात्र अडलं ते अडलंच.

मला वाटलं, संपलं. तीन महिन्यांनी अक्का पुन्हा हजर. "साहेब, दुसरी कंपनीना रिपोर्ट मांगा." चार कंपन्या, वर्षाला चार रिपोर्ट, तीन-तीन महिन्यांच्या अंतराने. हा हिशेब त्यांनी त्या शिपाई मुलीकडून समजून घेतला होता. हप्ता भरलेला दिसला की पोरगा हिंडता-फिरता आहे, बस. निवृत्त होऊन मी धुळ्यात देवपुरात राहायला आलो, तर त्या बिबड्यांचा डबा घेऊन एसटीने तिथे यायला लागल्या. मी वाचायचो, त्या चौकोन मोजायच्या. बठ्ठा महिना भरेल शेत, म्हणजे सगळे महिने भरलेत, असं मी म्हटलं की चहा घ्यायच्या.

मग एकदा रिपोर्टात लिहून आलं, खाते बंद. कर्ज पूर्ण फिटलं होतं. मी खुशीत म्हणालो, "अक्का, सुटलात! आता यंत्राला कर्ज मिळेल." त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"आते मी काय दखसू, साहेब?" आता पाहायला त्यांच्याकडे चौकोनच उरले नव्हते.

त्या दुपारी मी नियम गुंडाळून ठेवला आणि मुलाचा नंबर फिरवला. बंद. दुसऱ्या दिवशी भुसावळ गाठलं. खोली रिकामी होती. घरमालक म्हणाला, गुजरातकडे गेला बहुतेक. त्याचा पत्ता माझ्या खिशात होता तेव्हा मी तो आईला दिला नाही, आणि द्यायला निघालो तेव्हा माझ्याकडेही उरला नाही. नियमाने वागलो याचा पश्चात्ताप होत नाही, असं मी कितीदा म्हणून पाहिलं. होतो.

हल्ली मी जिथे बोलायला जातो तिथे लोकांना सांगतो. दर वर्षी आपला रिपोर्ट मागवा, पैसे पडत नाहीत. झेरॉक्सवर सही करताना कशासाठी ते सहीखालीच लिहा. नावावर दुसऱ्याचं कर्ज निघालं तर लगेच तक्रार करा. हे सगळं मी त्या केसमध्ये शिकलो. पण कागद वाचायला शिकलो तो अक्कांकडून. आम्ही कागदात गुन्हेगार शोधतो. त्या बाईने त्यात आपलं माणूस शोधलं.

यंत्राचं कर्ज त्यांनी मागितलंच नाही. रिपोर्ट मात्र अजून मागवतात. म्हणतात, "त्याले कधी गरज पडी, तं तो मनंच नाव टाकी."

यंदाचा पहिला रिपोर्ट गेल्या महिन्यात आला. नवीन कर्ज नाही, नवीन जामीन नाही, अगदी स्वच्छ. असा रिपोर्ट आला तर देवाला नारळ फोडा, असं मी लोकांना सांगतो. अक्कांसमोर मात्र मी तो कागद दोनदा उलटून पाहिला. "काही नाही, अक्का," मी म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी केली, पदराखाली धरली आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "असू द्या. या सालना आजून तीन बाकी शेत."