फक्कीची रेघ

आमच्या सोसायटीत पाच इमारती आहेत, असं माहितीपत्रक सांगतं. प्रत्यक्षात दोन आहेत. बाकी तिन्हींचे नुसते सांगाडे. मंदी आली, बिल्डरने हात वर केले आणि हिंजवडीच्या पलीकडच्या या माळावर आम्ही आणि गंजके गज तेवढे उरलो.

मी इथे राहतो याला नशीब म्हणायचं की न्याय, हे अजून ठरलेलं नाही. कारण या प्रकल्पाचा नकाशा मीच काढला होता. आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. सवलत मिळाली म्हणून फ्लॅटही घेतला. टप्पे पाडताना विक्रीवाले म्हणाले, आधी दर्शनी इमारती, आतला रस्ता शेवटी. मी मान डोलावली आणि रस्ता पाचव्या टप्प्यात ढकलला. पाचवा टप्पा काही आला नाही. ही गोष्ट सोसायटीत कुणाला सांगण्याइतका मी शूर नाही.

माझ्या समोरच्या दारात शनिवार पेठेतून आलेल्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात. इथे आल्यावर वर्षभरात त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. काका वाचले, काठी घेऊन चालायलाही लागले, पण चालणार कुठे? लिफ्टने खाली यावं, तर दारापुढे खड्डे, खडी आणि राडारोडा. पेठेत रोज संध्याकाळी चार ओळखीचे चेहरे बघितल्याशिवाय ज्यांना जेवण जात नसे, ते काका आठ महिने चौथ्या मजल्यावर बसून होते. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. डॉक्टर म्हणाले, यांना माणसांत न्या.

एका सकाळी बाईंनी माझी बेल वाजवली. हातात मंजूर नकाशाची प्रत होती, माहितीच्या अधिकारात मिळवलेली.

"अहो, तुम्हाला नकाशातलं कळतं म्हणे. जरा खाली येता का? ह्यांना गेटपर्यंत नेता येईल अशी वाट काढायचीय."

कोपऱ्यातली माझी सही बारीक होती आणि बाईंचा चष्मा जाड, एवढाच काय तो आधार.

खाली गेल्यावर त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "हे अर्धगोल काय आहे?"

"ॲम्फीथिएटर."

"बरं. इथे रोज नाटकच चाललंय, म्हणजे ते तेवढं वेळेत पूर्ण झालं म्हणायचं."

मग त्यांनी वही उघडली. पंधरा दिवस गॅलरीत बसून त्यांनी नोंदवलं होतं, दूधवाला कुठून येतो, कामाच्या बायका कुठून जातात, कंपनीच्या बसला धावणारी पोरं कुठून वाट काढतात. नकाशातला माझा रस्ता ऐटीत वळसा घेत होता. माणसं सरळ जात होती. इतकी वर्षं नकाशे काढले, पण असं बसून बघायचं मला कधी सुचलं नाही. खरं सांगतो, लाज वाटली आणि कौतुकही.

बाईंच्या पिशवीत फक्की होती, शाळेत खो-खोचं मैदान आखायची पांढरी पूड. सत्तरीच्या बाई वाकल्या आणि रेघ ओढू लागल्या. तेवढ्यात जवळच्या गावातला आमचा वॉचमन पुढे आला.

"बाई, हितनं नका काढू. पावसाळ्यात वढा वाहतोय हितनं. तिकडची बाजू उंच हाय."

माझ्या नकाशात ओढा नव्हताच. बाईंनी तिथल्या तिथे पायाने रेघ पुसली आणि उंचावरून नवी काढली. आमच्या ऑफिसात एक रेघ हलवायला तीन बैठका लागतात.

बिल्डरला पत्र गेलं. उत्तर आलं नाही. "मौनं संमती," बाई म्हणाल्या. एका सांगाड्याखाली पेव्हर ब्लॉकचा ढीग धूळ खात पडला होता, तो आम्ही पाच रविवार रेघेवर बसवत गेलो. उतार काठीला झेपेल एवढाच ठेवायचं काम माझ्याकडे होतं. ते करता करता मी बाईंना विचारलं, या प्रकल्पाचं नेमकं चुकलं कुठे?

"अहो, गणित अर्धवट राहिलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात. पण पायऱ्या क्रमाने हव्यात. यांनी उत्तराचं चित्र आधी काढलं."

काम जिथे थांबेल तिथे माणसाला राहता आलं पाहिजे, ही गोष्ट मला नोकरीत कुणी शिकवली नाही. ती बाईंनी गुडघ्याएवढ्या धुळीत उभं राहून शिकवली.

सहाव्या रविवारी काका खाली उतरले. गेटपर्यंत पोचायला त्यांना वीस मिनिटं लागली. आम्ही कुणी हात दिला नाही. बाईंनी डोळ्यांनीच दटावलं होतं. गेटपाशी खुर्चीवर बसल्यावर काकांनी येणारी-जाणारी माणसं पाहिली, मग वळून रस्त्याकडे बघितलं.

"कुणी... काढला?" त्यांनी विचारलं.

मी बाईंकडे हात करणार, तोच त्या म्हणाल्या, "ह्या समोरच्यांनी. पहिल्यांदा चुकला होता. आता बरोबर आलाय."

मग बाईंनी पिशवीतून नकाशा काढून माझ्या हातात दिला. कोपऱ्यातल्या माझ्या सहीभोवती लाल पेनाने गोल केलेला होता.

"म्हणून तर तुमचीच बेल वाजवली," बाई म्हणाल्या.

काकांनी काठीने एक ब्लॉक ठोकून बघितला आणि म्हणाले, "उद्या... लवकर निघू."